सँटोरिनीत जहाज थांबणार असेल तर

जहाजावर मिळणारं सहलीचं पॅकेज घेऊ नका, सँटोरिनी हे ग्रीसमधलं बेट स्वतःचं स्वतः छान फिरता येतं. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या: तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. ते ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात उभं राहतं आणि छोट्या बोटी तुम्हाला कड्याखालच्या जुन्या बंदरात सोडतात. ‘फिरा’ नावाचं गाव थेट डोक्यावर, जवळजवळ ६०० पायऱ्या वर. वर जायला केबल कार घ्या. त्यासाठी पहिल्या बोटींपैकी एक पकडा, कारण एकाच वेळी दोन-तीन जहाजं आली की रांग तासाभराची होते. गाढवावर बसू नका. त्या बिचाऱ्यांचे हाल बघवत नाहीत.

फिरात पोचलात की सरळ बसस्टँड गाठा. बेटाच्या टोकावरच्या इया या गावाची बस साधारण अर्ध्या तासात पोचवते. सुटे युरो जवळ असू द्या. इतिहासाची आवड असेल तर मात्र इया सोडून अक्रोतिरीला जा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी राखेखाली गाडलं गेलेलं ते गाव छपराखाली आहे, त्यामुळे उन्हाचाही त्रास नाही. दोन्ही एका दिवसात कोंबायचा हट्ट नको. आणि हो, तिथली टोमॅटोची भजी खाच (आपल्या कांदाभजीची मावसबहीण म्हणा).

परतीची शेवटची बोट किती वाजता, ते उतरतानाच लिहून घ्या. तिच्या दोन तास आधी फिरात परत या. केबल कारची रांग लांब दिसली तर पायऱ्यांनी उतरा, पण चांगले बूट हवेत. दगड गुळगुळीत झालेत आणि वर गाढवांची लीद. मी चपला घालून उतरले होते, विचारू नका!