जुनी व्हॅन, नवी रिम : टायर कोणता घ्यावा?

प्रश्न : माझ्या जुन्या व्हॅनला मूळ १४ इंची चाकं होती, रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिमीत) ३९, टायर १८५ आर १४ सी (१८५ मिमी रुंद, १४ इंची रिमचा; सी म्हणजे मालवाहू गाडीचा). आता १५ इंची अलॉय चाकं मिळाली आहेत, साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ३०. बोल्टची भोकं जुळतात. गाडीच्या पाटीवर कमाल भार पुढच्या आसाला १००० आणि मागच्याला १३०० किलो आहे. दुकानदार १९५/६५ आर १५ सुचवतो. घालू का?

उत्तर : नको. मागच्या आसाचे १३०० म्हणजे एकेका टायरवर ६५० किलो. १९५/६५ आर १५ हा मोटारीचा टायर. त्यावर बहुतेक वेळा ९१ हा लोड इंडेक्स (भारक्षमतेचा सांकेतिक आकडा) असतो, म्हणजे ६१५ किलो. रिकाम्या गाडीत काही कळणार नाही. भरलेली गाडी उन्हात लांब पळवली की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) दबत आणि तापत राहते, आणि मग टायर फुटतो.

उंचीतही तो कमी पडतो. १८५ आर १४ वर प्रोफाइल (साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के; १९५/६५ मधला ६५) छापलेलं नसतं, ते ८० टक्क्यांच्या आसपास धरा. १८५ च्या ८० टक्क्यांची दुप्पट २९६, त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवले की व्यास सुमारे ६५२ मिमी. १९५/६५ चा ६३४.५, म्हणजे सुमारे २.६ टक्के कमी. स्पीडोमीटर तेवढा जास्त वेग दाखवेल.

२०५/६५ आर १५ सी घ्या. व्यास ६४७.५, लोड इंडेक्स १०२ म्हणजे ८५० किलो, आणि साडेसहा इंची रिमवर तो आरामात बसतो. १९५/७० आर १५ सी उंचीला (६५४) आणखी जवळ आहे, पण त्याला ही रिम जरा रुंदच.

आता ऑफसेट. तो ९ ने घटला, म्हणजे चाकाचा मध्य ९ मिमी बाहेर सरकला. टायर २० मिमी रुंद झाला, त्यातले १० बाहेरच्या बाजूला. बाहेरची कड एकूण १९ मिमी बाहेर येईल, आतली जेमतेम १ मिमी आत जाईल. त्यामुळे आत घासण्याची भीती नाही. मडगार्डची कड मात्र बघा, गाडी भरून आणि स्टीअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून. उभ्या रिकाम्या गाडीवर केलेली तपासणी फसवते.

रिमच्या मागच्या बाजूला तिची भारक्षमता कोरलेली असते. ती ६५० किलोहून कमी असेल तर चांगल्या टायरचाही उपयोग नाही. टायरवरचा कमाल दाब ६५ पीएसआयच्या वर असेल, तर साधा रबरी व्हॉल्व्ह नको. नटाने आवळायचा धातूचा बसवा.

प्रश्न : जुनेच बोल्ट चालतील का?

उत्तर : आधी बोल्टची बैठक (चाकाच्या खाचेत टेकणारा भाग) बघा. गोल बैठकीचा बोल्ट शंकूच्या खाचेत कडेवरच टेकतो आणि सैल होतो. मग आटे मोजा : मूळ चाकात बोल्ट हाताने जितके फेरे जातो, निदान तितके नव्यातही जायला हवेत. अलॉय जाड असते, तिथेच दोन-तीन फेरे कमी पडतात. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा) मोठं असेल तर मापाची रिंग घाला, नाहीतर स्टीअरिंग थरथरेल. ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.