इंडिका: वाण, जात की उपजात?

कराडहून विचारणा आली आहे: ‘भांगेच्या संकरावरचा एक लेख मराठीत आणतोय. “रुंद पानांचा इंडिका वाण आणि अरुंद पानांचा सॅटिव्हा वाण” असं लिहिलं तर चालेल का? आणि त्या पानाच्या पाच-सात बोटांना काय म्हणायचं?’

आधी बोटांचं उरकू. बेलाचं त्रिदळ आपण एकच पान म्हणून वाहतो. इथेही अख्खा पंजा म्हणजे एक पान, त्यातलं प्रत्येक बोट म्हणजे दळ. पुस्तकी ‘पर्णिका’ही चालेल, पण ‘सात पानं’ नको. रोपाची पहिली खरी पानं एकदळी असतात. मग तीन, पाच, सात अशी दळं वाढत जातात आणि फुलोऱ्याजवळ पुन्हा कमी होतात. दोन झाडांची तुलना करायची तर पान सारख्याच पेऱ्यावरचं घ्यावं लागतं.

‘वाण’ मात्र बदला. आमच्या सांगलीच्या बाजारात राजापुरी, सेलम हे हळदीचे वाण, शेतकऱ्यांनी निवडून टिकवलेले. इंडिका आणि सॅटिव्हा ही वनस्पतिशास्त्राची वर्गवारी. कोणी त्या दोन जाती मानतात. १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकाच जातीच्या दोन उपजाती मानल्या, त्याही पानावरून नव्हे, टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या ०.३ टक्क्यांच्या रेषेवरून. तुमच्या लेखात सबस्पीसीज आहे, तेव्हा ‘उपजात’ लिहा. ‘उपप्रजाती’ हा हिंदीचा वारा. मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस, जातीच्या वरची पायरी. दोन उपजातींच्या संकरातून पैदासकार जे निवडून स्थिर करतो, तो वाण.

खरी मेख पुढे आहे. १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं इंडिका हे नाव दिलं ते भारतातल्या झाडाला, आणि त्याची दळं होती अरुंद! आज इंडिका म्हणून दाखवतात ती ठेंगणी, रुंद पानांची झाडं मूळची अफगाणिस्तानाकडची. म्हणून पानाविषयी बोलताना मी सरळ ‘रुंददळी’ आणि ‘अरुंददळी’ म्हणेन.

या दोहोंच्या संकराची पहिली पिढी बहुधा मधल्या रुंदीची निघते, त्यामुळे संकर साधला का याचा अंदाज पैदासकाराला रोपावरूनच येतो. नशेचा अंश मात्र पान बघून कळत नाही, त्याला रासायनिक तपासणीच हवी. ‘वाण नाही पण गुण लागला’ म्हणतात (तिथला वाण म्हणजे रंग, हा वेगळा), तसं पुढच्या पिढ्यांत पान एकाचं, गुण दुसऱ्याचा असं सर्रास होतं. तेव्हा मूळ लेखात ‘रुंद पान म्हणजे जास्त गुंगी’ असं काही असेल, तर भाषांतर इमानानं करा, पण खाली तुमची टीप जोडा.