यादी दर महिन्याला करतो, तरी वाणसामानाला पैसे पुरत नाहीत

"महिन्याची यादी करते, जिथे स्वस्त मिळेल तिथून आणते, तरी पंधरा तारखेनंतर ओढाताण होतेच. वर घरात ऐकून घ्यावं लागतं की तुला हिशेब जमत नाही." नवरा-बायकोच्या पैशांवरून होणाऱ्या वादात जे आमच्याकडे सल्ल्याला येतात, त्यांची ही तक्रार सतत असते. बहुतेक वेळा बाईचा हिशेब चुकलेला नसतो. घरातला निम्मा खर्च तिच्या हिशेबात आलेलाच नसतो. डोंबिवलीकडच्या एका कुटुंबाच्या बाबतीत हे अगदी स्पष्ट दिसलं. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरात पाच माणसं. नवरा-बायको (त्यांना इथे दादा आणि ताई म्हणू) दोघंही नोकरी करणारे, सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि आठवीतली मुलगी. दूध, भाजी आणि गॅस सोडून वाणसामानासाठी त्यांनी ९,००० रुपये ठरवले होते. एक तारखेच्या आसपास मॉलमधून भरायच्या सामानाचं बिल ८,२०० च्या पुढे जात नसे. ताईंच्या मते सगळं आवाक्यात होतं. दादांच्या मते पैसे कुठे जातात तेच कळत नव्हतं. दोघांचंही खरं होतं.

पहिल्या भेटीत आम्ही सल्ला दिला नाही. घरातल्या चारही फोनमधल्या गेल्या महिन्याच्या यूपीआय नोंदी काढायला सांगितल्या आणि त्यातलं खाण्यापिण्याचं प्रत्येक बिल कागदावर उतरवायला लावलं. दहा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या ॲपवरून ३,४०० रुपये, नाक्यावरच्या दुकानातून १,६०० आणि दादा येता येता आणतात ते फरसाण, खारी, बिस्किटं यांचे ९०० रुपये. म्हणजे यादीबाहेरचे ५,९००. एकूण खर्च १४,१०० रुपये.

"अहो, म्हणजे तुम्ही येताना आणता तेही यातच धरायचं," ताई म्हणाल्या. दादा थोडा वेळ कागद बघत राहिले. तिथून पुढे त्यांच्या बोलण्यातला 'तुला' जाऊन 'आपण' आला. आमच्या दृष्टीने हा पहिला टप्पा होता, कारण दोष एकाच माणसाच्या माथी असेल तर नियोजन त्याच माणसावर पडतं आणि महिन्याभरात कोसळतं.

ॲपवरचं एक बिल जवळून पाहिलं. हवं होतं आलं आणि कोथिंबीर, किंमत ३८ रुपये. १९९ रुपयांच्या वरच डिलिव्हरी फुकट म्हणून त्यात भेळेचं पाकीट, नमकीन आणि आइस्क्रीम गेलं. झाले २३६. अशा ऑर्डरी दर दोन-तीन दिवसांनी होत होत्या आणि प्रत्येकीच्या मुळाशी काहीतरी संपलेलं होतं. कधी पोहे, कधी जिरं, कधी चहा पावडर. मग महिन्याची यादी करूनही वस्तू संपतात कशा?

याचं उत्तर स्वयंपाकघरात होतं. दुसऱ्या भेटीपूर्वी सगळे डबे आणि वरचे कप्पे रिकामे करून फोटो काढायला सांगितले. रव्याची तीन उघडी पाकिटं, मोहरीची तीन, हिंगाच्या दोन डब्या, दोन किलो साबुदाणा आणि तळाशी जाळी धरलेली भगर निघाली. यादी हॉलमध्ये बसून, मागच्या महिन्याच्या कागदावरून उतरवली जात होती. त्या कागदावर वर्षानुवर्षं 'रवा २ किलो, पोहे १ किलो' असंच होतं. प्रत्यक्षात या घरी आठवड्यातून दोनदा पोहे होतात, पाच जणांना एका वेळी ३०० ग्रॅम लागतात, म्हणजे महिन्याला जवळपास अडीच किलो. उपमा दहा दिवसांतून एकदा, २५० ग्रॅमचा, म्हणजे रवा पाऊण किलो. पोहे दर महिन्याला कमी पडत आणि रवा उरून त्याला कीड लागे.

म्हणून आठवड्याचा मेनू ठरवण्याआधी आम्ही खप मोजायला सांगतो. त्यासाठी वहीसुद्धा लागत नाही. डबा भरला की त्यावर कागदी चिकटपट्टी लावून तारीख आणि वजन लिहायचं: 'पोहे १ किलो, ४ जून'. डबा संपला की त्याखाली संपल्याची तारीख. दोन महिने असं केलं की प्रत्येक घराचा स्वतःचा आकडा मिळतो. दुसऱ्याच्या घराचा तक्ता उतरवून उपयोग नाही, कारण कुठे भाताचं प्रमाण जास्त, कुठे भाकरीचं. अंदाज हवा असेल तर एवढं धरा: एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या ३५ च्या आसपास पोळ्या होतात. या घरी रोज २४ पोळ्या लागतात, म्हणजे महिन्याला वीस किलो गहू पुरेसा. तेल पाच जणांना चार लिटर पुरतं, पण मोठा कॅन हाताशी असला की हात सैल सुटतो. त्यांनी कॅन वर ठेवला आणि दर सोमवारी ९०० मिलीची बाटली भरायला सुरुवात केली. बाटली शनिवारीच संपली की त्या आठवड्यात तळण जास्त झालं हे कोणी न सांगताही कळतं.

डब्यांवरच्या तारखांचं काम सासूबाईंनी घेतलं. आधी त्या जरा नाराज होत्या, त्यांच्या कपाटाची झडती घेतल्यासारखं त्यांना वाटलं होतं. घरातल्या मोठ्या बाईला बाजूला ठेवून स्वयंपाकघराचं नियोजन होत नाही, हे सूनबाईंनी आणि दादांनी नीट समजून घ्यावं म्हणून आम्ही त्यावर एक अख्खी भेट खर्च केली. आता २८ तारखेला त्या डबे बघतात आणि ताई शेजारी बसून यादी लिहितात. लिहिण्याआधी कॅलेंडर समोर असतं. संकष्टी, एकादशा, पाहुणे, मुलीच्या परीक्षा. साबुदाण्याची खिचडी तिघांसाठी २५० ग्रॅमची, महिन्यात तीन उपास, म्हणजे साबुदाणा पाऊण किलो, शेंगदाणे त्या हिशेबाने. चातुर्मासात सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही, तर त्या चार महिन्यांत खोबरं आणि दाण्याचं कूट जास्त लागतं. हे आधी लिहिलेलं नसलं की ऐन वेळी ॲप उघडलं जातं.

भाव बघण्याबद्दल दोन गोष्टी. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. पाकिटावर एककाचा भाव छापावा लागतो. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर तो प्रति ग्रॅम असतो, जास्त वजनाच्या पाकिटावर प्रति किलो. प्रति ग्रॅमच्या आकड्याला हजारने गुणलं की तुलना होते. पण हा भाव एमआरपीवरून काढलेला असतो. सवलत असेल तर प्रत्यक्ष द्यायच्या रकमेला वजनाने स्वतः भागावं लागतं. तेलाच्या पिशव्यांत तर हमखास फसायला होतं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि त्याच्याच शेजारी तशाच दिसणाऱ्या ८५० किंवा ८०० ग्रॅमच्या पिशव्या असतात. वजन वाचल्याशिवाय 'पंधरा रुपये स्वस्त' याला अर्थ नाही. दुसरं, जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्ट्या धान्यावर तो नाही. ओळखीचा वाणी चांगला माल देत असेल तर डाळ-तांदूळ सुटे घेणं परवडतं.

साठवण करावी का, हा ताईंचा मोठा प्रश्न होता. नवा गहू मार्च ते मे या काळात येतो, नवी तूरडाळ फेब्रुवारीपासून मिळू लागते, मिरची-हळदही उन्हाळ्यातच घ्यायची, आणि आई वर्षाचं भरून ठेवायची, हे त्यांच्या मनात घट्ट होतं. आमचं मत असं की फ्लॅटमध्ये, ऊन देण्याची पुरेशी सोय नसताना, वर्षाचा २४० किलो गहू भरू नये. तीन महिन्यांचा साठ किलो ठीक. तोही कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत. गरम धान्य भरलं की आत वाफ धरते आणि तिथूनच भुंगा वाढतो. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळलेला. तूरडाळीला एरंडेल चोळणं चांगलं, फक्त ते हलक्या हाताने, दाण्याला चमक येईल इतकंच. तांदळाला बोरिक पावडर लावू नये आणि पाऱ्याच्या टिकड्या धान्यात घालूच नयेत, कितीही जुनी पद्धत असली तरी.

पावसाळ्यात रवा, बेसन, पोहे, कणीक यांची साठवण पंधरा दिवसांपलीकडे नकोच. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून ठेवावा. कीड बहुधा दुकानातूनच अंड्यांच्या रूपात येते, त्यामुळे जुन्या रव्यावर नवा ओतला की दोन्ही जातात. आधीचा काढायचा, डबा पुसून उन्हात नाहीतर पंख्याखाली कोरडा करायचा, मग नवा भरायचा; जुना वेगळा ठेवून आधी संपवायचा. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं उन्हाळ्यात खवट होतात, एका महिन्याचंच घ्यावं. बुरशी आलेले दाणे भाजून वापरायचे नाहीत, सरळ टाकायचे. आणि साठवणीसाठी क्रेडिट कार्डावर उधारी करत असाल तर व्याजातच बचत संपते.

भाजीचा खर्च या हिशेबात नव्हता, पण भाजी सडली की फटका वाणसामानाला बसतो, कारण मग बाहेरून मागवलं जातं. रविवारची भाजी दादांनी घेतली. त्यांना सात दिवसांचा मेनू दिला नाही, फक्त क्रम दिला. पालेभाज्या सोमवार-मंगळवारी. मग भेंडी, वांगी, फ्लॉवर. गुरुवारनंतर कोबी, दुधी, गाजर. शनिवारी बटाटा, नाहीतर पिठलं. फळभाजी एका वेळेला अर्धा किलो, पालेभाजी दोन जुड्या. कडधान्यांचे वार मात्र पक्के केले, बुधवार आणि शुक्रवार, कारण मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजली नाही तर रात्री मोड काढायला बांधता येत नाही आणि उसळीचा बेत मोडतो. कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडाभर टिकते. ॲपवरच्या बऱ्याच ऑर्डरी या एकाच गोष्टीने थांबल्या.

फ्रिजवर एक कागद लावला. ज्याच्या हातून वस्तू संपेल त्याने लिहायचं, आणि मधलं सामान फक्त बुधवारी, फक्त कागदावरचं, नाक्यावरून आणायचं. मुलाला वरच्या खाण्यासाठी आठवड्याला ठरावीक पैसे. त्यावर घरात बरीच खडाजंगी झाली आणि ती अजून पूर्ण मिटलेली नाही. महिन्यातून एखादं पिझ्झाचं बिल ठरलेल्या पैशांबाहेर जातंच. कॉलेजातल्या पोराच्या बाबतीत आम्ही तेवढं धरूनच चालतो.

पहिल्या महिन्यात एकूण खर्च ९,६०० वर आला आणि दोघंही खूश झाले. इथे त्यांना सावध करावं लागलं. त्या महिन्यात कपाटात साचलेलंच संपत होतं. दुसऱ्या महिन्यात आकडा १२,००० झाला, तेव्हा बरीच घरं 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. तिसऱ्या महिन्याचा ११,३०० हा खरा आकडा. त्यांनी ठरवलेले ९,००० मुळात पाच माणसांना पुरणारेच नव्हते, म्हणून तरतूदच ११,५०० केली. वाचलेल्या २,८०० पैकी ५०० रुपये दर महिन्याला दिवाळीच्या फराळासाठी वेगळे काढले जातात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये बेसन, साखर, तूप यांचा भार एका पगारावर येत नाही.

ज्यांचा पगार महिन्याचा नाही, मजुरी आठवड्याला हातात येते, त्यांना एकदम महिन्याचं भरता येत नाही. रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर २०२३ पासून माणशी ५ किलो धान्य मोफत आहे, ते आधी वजा करून बाकीचं ठरवावं. मग दर आठवड्याला एकच वस्तू महिन्याची घ्यायची: पहिल्या आठवड्यात तेल, दुसऱ्यात डाळ, तिसऱ्यात साखर-चहा, चौथ्यात मीठ-मिरची-मसाले. उरलेलं त्या आठवड्यापुरतं. दोन महिन्यांत चारही वस्तू रोजच्या छोट्या पुड्यांतून सुटतात.