रिपोर्टमध्ये गहू आला म्हणून पोळी बंद?

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा आहे. सकाळी उठला की लागोपाठ दहा-बारा शिंका, नाक गळतं, डोळे चोळून चोळून लाल करतो, दुपारपर्यंत ठीक होतो. शेजारणीने सांगितलं म्हणून डॉक्टरांना न विचारताच लॅबमधून रक्ताचं मोठं अ‍ॅलर्जी पॅकेज करून घेतलं. गहू ०.८, शेंगदाणा ०.५, वांगं ०.४, डस्ट माइट ४२, सगळं पॉझिटिव्ह. दोन महिने पोळी, दाण्याचं कूट, वांगं बंद आहे, शिंका आहेत तशाच, पोरगं मात्र वाळलंय. काय करू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी एक सांगा, हा मुलगा एवढी वर्षं पोळ्या खात होता ना? तेव्हा पोळी खाल्ल्यावर तासा-दोन तासांत कधी ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली? नसेल झालं तर ०.८ हा आकडा घेऊन काय करायचंय! ही टेस्ट रक्तातली आयजीई नावाची अँटिबॉडी मोजते (१९६०च्या दशकात सापडली ती), ०.३५च्या वर गेलं की बहुतेक लॅब पॉझिटिव्ह छापतात, पण त्याचा अर्थ फक्त शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतलीय एवढाच, खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असली तरी गहू पॉझिटिव्ह येतो, कारण दोन्ही एकाच कुळातले.

तुमच्या रिपोर्टमध्ये कामाचा आकडा एकच, ४२ वाला. माइट म्हणजे गादी-उशीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे, आणि मुलगा रात्रभर त्याच गादीत तोंड खुपसून झोपतो, म्हणून सकाळच्या शिंका. हे जुळतं.

खात्री करायची तर स्किन प्रिक टेस्ट होते. हातावर पेनाने खुणा, प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब, त्यावर बारीक टोचणी, रक्तसुद्धा येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा (अ‍ॅलर्जीत अंगात सुटणारं, खाज-सूज आणणारं रसायन) असतो, तो फुगलाच पाहिजे, आणि एक साधा, तो फुगता कामा नये. १५-२० मिनिटांनी पट्टीने मोजतात, साध्यापेक्षा ३ मिमी मोठी गाठ आली तर पॉझिटिव्ह. सर्दीची सेटिरिझिनसारखी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, ती काही दिवस थांबवावी लागते नाहीतर काहीच उठत नाही. रक्ताच्या टेस्टला ही भानगड नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी आयजीजी नावाच्या दुसऱ्याच अँटिबॉडीची 'फूड इनटॉलरन्स' टेस्ट विकायला आलं तर सरळ नाही म्हणा, आयजीजी बहुतेक एवढंच सांगतं की माणूस ते खात आलाय. त्यासाठी पैसे कशाला, तुमचा डबा बघून मीही सांगेन.

आता रिपोर्ट घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, जेवण परत चालू करायचं ते त्यांना विचारूनच, शेंगदाणा तर नक्कीच. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात. नाकाचा स्प्रे ते देतील, त्याने भागलं नाही तर माइटची इम्युनोथेरपी (माइटचाच अंश थोडाथोडा देऊन शरीराला त्याची सवय लावायची) आहे, पण ती निदान ३ वर्षं नेटाने घ्यावी लागते, मधेच सोडणार असाल तर सुरूच करू नका.