पोर्तो रिकोला गेल्यावर किनारा सोडून डोंगरातल्या एखाद्या गावात जाण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतणार असाल तर नाही. तुम्ही लिहिलंय की हातात पाच दिवस आहेत, दोघंही शाकाहारी, स्पॅनिश शून्य, आणि राजधानी सान हुआनला हॉटेल ठेवून 'एक दिवस डोंगर उरकायचा' विचार आहे. आम्हीही थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अगदी हेच ठरवलं होतं. दुपारी जो पाऊस धरला त्यात अडकलो, म्हणून एक रात्र राहिलो. दुसरी रात्र मात्र मुद्दाम राहिलो.

गाव हायुया. स्पेलिंग 'जे'ने सुरू होतं, त्यामुळे पहिला अर्धा दिवस मी सगळ्यांना 'जयुया कुठे' असं विचारत होतो आणि लोक सभ्यपणे माझ्याकडे बघत होते. स्पॅनिशमध्ये त्या 'जे'चा ह होतो.

तुम्ही एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण आम्ही पोर्तो रिको निवडलं ते मुळात त्यासाठीच. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला, नव्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळत नाही, म्हणून देशाबाहेर जायची जोखीम नको होती. पोर्तो रिको हे कॅरिबियनमधलं बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, त्यामुळे मुख्य भूमीवरून थेट तिथे जाणं-येणं म्हणजे देशांतर्गत प्रवास. तरी पासपोर्ट, आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आणि आय-९४ची (प्रवेशाच्या नोंदीची) प्रत जवळ असू द्या.

सान हुआनहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, पण दोन तासांच्या वर धरा. मानातीपर्यंत हायवे, तिथून १४९ नंबरचा रस्ता सियालेसवरून वर चढतो आणि मग १४४. गंमत म्हणजे पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मैलात आणि पेट्रोल लिटरवर. पुढे निव्वळ घाट. वळणावर हॉर्न द्यायचा, ही सवय अमेरिकेत राहून गेलेली असते. बायको चिपळूणची, ती दर वळणाला 'अरे हॉर्न दे' म्हणून ओरडत होती आणि समोरून येणारेही हॉर्न देतच येत होते.

नकाशाने 'चार मिनिटं वाचतील' म्हटलं तर ऐकू नका. मी ऐकलं. दोन्हीकडे बांबू, मध्ये गाडीच्या रुंदीइतकीच काँक्रीटची पट्टी, आणि समोरून कच्च्या केळ्यांचे घड भरलेला पिकअप. दोनशे मीटर रिव्हर्स. तो माणूस खाली उतरला, माझ्या बॉनेटवर टपटप करत, 'दाले, दाले' म्हणत त्याने मला मागे घेतलं आणि शेवटी अंगठा दाखवून निघून गेला. गाडी भाड्याची होती, त्यामुळे घाम जरा जास्तच फुटला.

आता मुक्काम का, ते सांगतो. दिवसा हायुया म्हणजे एक चौक, एक चर्च, थोडी दुकानं आणि चारही बाजूंनी हिरवे डोंगर. तासाभरात बघून होतं. अंधार पडला की मात्र कोकी सुरू होतात. कोकी म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक. पहिला स्वर खालचा, दुसरा वरचा : को-की, को-की. एक नाही, हजारो. आपल्याकडच्या पावसाळी डराव डरावशी याचं काही नातं नाही, हे पक्ष्यासारखं आहे. पहिल्या रात्री मला वाटलं कुणाचा तरी अलार्म वाजतोय. उठून बाल्कनीत शोधत होतो.

आणि माणसंही संध्याकाळीच भेटतात. स्पॅनिश येत नाही याची काळजी करू नका, तीन शब्द पुरतात. कुठेही शिरताना 'बुएनास' म्हणायचं, न म्हणता आत गेलात तर उद्धट दिसतं. कुणी जेवत असेल तर शेजारून जाताना 'बुएन प्रोवेचो', अनोळखी असला तरी. तिसरा शब्द तुम्हाला वापरायचा नाही, पण कान देऊन ऐका. आम्ही जिथे उतरलो तिथल्या आजींचा नातू दारात आला की आधी म्हणायचा 'बेन्दिसियोन', म्हणजे आशीर्वाद द्या. आजी भांडी घासता घासता मान न वळवता म्हणायच्या 'दिओस ते बेन्दिगा', देव तुझं भलं करो. वाकून नमस्कार नाही एवढाच फरक. फोन ठेवतानासुद्धा हेच चालतं.

खाण्यात फसगत होते. मी पाठ करून गेलो होतो 'सिन कार्ने', मांसाशिवाय. ताटात कोंबडी आली. तिथे कार्ने म्हणजे बहुतेकदा गाय-डुक्कर, कोंबडी त्यात धरत नाहीत. भात-राजमा निर्धास्त मागवाल, तर राजम्यात चवीला हॅमचे तुकडे असतात. म्हणून 'सोय वेहेतारियानो' (मी शाकाहारी) म्हणा आणि वर 'नि पोयो, नि हामोन' (कोंबडी नको, हॅमही नको) जोडा. मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसणाबरोबर खलबत्त्यात कुटून केलेला गोळा, त्यातही डुकराची कुरकुरीत कातडी घालतात, तेव्हा विचारून घ्या. निर्धोक पदार्थ म्हणजे तोस्तोनेस आणि अमारियोस, पहिले कच्च्या केळ्याचे तळलेले काप, दुसरे पिकल्याचे. आणि पाटीवर 'पाना' दिसलं तर सोडू नका. पाना म्हणजे नीरफणस! त्याचे तळलेले काप समोर आले तेव्हा बायको एकदम गप्प झाली, मग म्हणाली, 'तिखट-मीठ आणि रवा लावला असता तर आईचेच.'

बघायचं काय, तर १४४ वरच जवळजवळ सगळं आहे. ला पिएद्रा एस्क्रिता, म्हणजे लिहिलेला दगड. नदीपात्रात घराएवढा खडक आणि त्यावर तायनो लोकांनी कोरलेली पन्नासहून जास्त चित्रं. तायनो म्हणजे कोलंबस यायच्या आधीचे इथले लोक, गावाचं नावही त्यांच्याच एका सरदाराचं. खाली डोह आहे, पोरं उड्या मारत असतात. डोंगरावर काळं झालं असेल तर पाण्यात उतरू नका. वर पाऊस पडला की लोंढा अचानक येतो, त्याला तिथे 'गोल्पे दे आग्वा' म्हणतात.

पुढे कोआबेय नावाच्या भागात कानालेस कुटुंबाच्या घराचं संग्रहालय आहे, तिथे मात्र वेळ काढा. ब्लांका कानालेस या समाजसेविका. त्यांच्या घरी शस्त्रं लपवलेली होती. ३० ऑक्टोबर १९५० ला त्यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकेपासून स्वातंत्र्य मागणाऱ्या राष्ट्रवाद्यांनी गावातल्या पोलीस चौकीवर हल्ला केला, पोस्ट जाळलं आणि पोर्तो रिकोचा झेंडा उभारला. १९४८ च्या एका कायद्याखाली तो झेंडा जवळ बाळगल्याबद्दलसुद्धा तुरुंगात टाकत. नॅशनल गार्डने विमानं आणून या एवढ्याशा गावावर बॉम्ब टाकले. ब्लांकाबाईंना जन्मठेप आणि वर साठ वर्षं झाली, १९६७ मध्ये माफी मिळून त्या सुटल्या. मी सांगली जिल्ह्यातला, पत्री सरकारच्या गोष्टी ऐकत वाढलेला. पण आमच्या गावांवर विमानं आली नव्हती. आज तोच झेंडा तिथे घराघरांवर, गाड्यांवर, अगदी पाण्याच्या टाक्यांवर रंगवलेला दिसतो. शेजारचं सेमी संग्रहालय बाहेरूनच मजेशीर, इमारतच 'सेमी' म्हणजे तायनो देवतेच्या त्रिकोणी मूर्तीसारखी. आत दहा मिनिटं पुरतात.

कॉफीचे मळे त्याच रस्त्यावर. शरदात जाल तर लाल बोंडं लागलेली दिसतील. उतार इतके तीव्र की तोडणी हातानेच. २० सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळात बेटावरची बहुतेक कॉफी आडवी झाली, आणि नव्या रोपाला नीट फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. त्यामुळे किंमत ऐकून घासाघीस करू नका.

सेरो दे पुन्ता हे बेटावरचं सर्वांत उंच शिखर, १,३३८ मीटर. कळसूबाईहून तीनशे मीटरने बुटकं, आणि वरच्या प्रक्षेपण टॉवरमुळे शिखरापर्यंत रस्ता आहे. शेवटचा चढ इतका उभा आहे की आम्ही गाडी खाली ठेवून चालत गेलो. तिथेच एक मुंगूस रस्ता ओलांडून झुडपात शिरलं आणि आम्ही दोघंही नकळत एका सुरात, 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ'. ही जात भारतातलीच. उसातले उंदीर मारायला एकोणिसाव्या शतकात कॅरिबियनमध्ये आणली आणि उंदरांऐवजी पक्ष्यांची अंडी फस्त करत सुटली. शपथ घाला, पण जवळ जाऊ नका, तिथल्या मुंगसांत रेबीज आहे.

राहायची जागा ठरवताना एकच प्रश्न विचारा : 'आय प्लान्ता?' प्लान्ता म्हणजे जनरेटर. वीज तिथे आपल्या गावाकडच्यासारखीच जाते-येते. नकाशे आधी उतरवून ठेवा, दरीत सिग्नल नसतो. रोख डॉलर ठेवा, कारण टपऱ्यांवर फोनवरून पैसे घेण्याचं जे ॲप चालतं त्याला तिथल्याच बँकेचं खातं लागतं. नोव्हेंबरात रात्री पातळ स्वेटर लागला.

परतताना सान हुआन विमानतळावर सामानाची कृषी तपासणी होते. आंबा नेऊ देत नाहीत, भाजलेली कॉफी चालते. पाचपैकी मधल्या दोन रात्री हायुयाला द्या. शेवटची रात्र सान हुआनलाच ठेवा, दरड पडून घाट बंद झाला तर विमान तरी चुकायचं नाही.