आधी बेल वाजव

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मेसेज कसला, प्रश्नपत्रिकाच ती. शेजाऱ्यांना बोलवायचं तर क्लबहाउस बुक करू का, सोसायटीच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं तर चालेल का, आम्ही भाडेकरू, करार अकरा महिन्यांचा, लोक हसतील का? शेवटच्या ओळीत मात्र खरं काय ते लिहिलंस. ताप आला तेव्हा दोन दिवस समोरच्या घरातला टीव्ही ऐकत पडून होतीस आणि त्या घरात कोण राहतं हे तुला ठाऊक नव्हतं. त्या ओळीने मला झोपू दिलं नाही.

क्लबहाउस नको. तिथे माणसं कागदी बशीत खातात आणि आपापल्या विंगमध्ये पांगतात. तू राहतेस कुठे, हे कोणाला कळत नाही. ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस. टँकर, पार्किंग आणि सकाळची गुलाबाची फुलं यांच्या गर्दीत तुझं आमंत्रण वाहून जाईल. वीसजण अंगठा दाखवतील, येतील दोन. घरीच बोलव, आणि बोलवायला स्वतः जा. एकेका दारासमोर उभी राहून बेल वाजव.

मी मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळीतली. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर वीस बिऱ्हाडं. बेल नव्हती, कारण दार लागायचं ते रात्री झोपतानाच. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी सकाळी संडासाच्या रांगेत आठवडाभर उभं राहून दाखवावं, मग बोलावं. वरळीच्या बीडीडी चाळकऱ्यांना आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली, त्याचा मला आनंदच आहे. पण आमच्या चाळीत वाटी फिरायची. आमच्याकडून आमटी गेली की तीच वाटी दुसऱ्या दिवशी सुक्या जवळ्याची चटणी घेऊन यायची. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी पगार झालेला नाही, हे त्या वाटीवरून आईला कळायचं.

असं सगळं अंगात असताना मी ठाण्याला फ्लॅटमध्ये आले आणि काय केलं ते ऐक. खालच्या मजल्यावरचे एक आजोबा माझं दार वाजवून म्हणाले, “आमच्या भिंतीला ओल येतेय, जरा बघाल का येऊन?” मी बँकेतून थकून आले होते. म्हटलं, “सोसायटीला लेखी द्या.” त्यांनी दिलं. मीही लेखी उत्तर दिलं. दीड वर्ष आम्ही सेक्रेटरीमार्फत एकमेकांना पत्रं लिहीत होतो, अंतर अठरा पायऱ्यांचं. शेवटी ते घर विकून मुलाकडे गेले. सामानाचा टेम्पो भरत होता तेव्हा मी दाराच्या भोकातून लिफ्ट खाली जाण्याची वाट बघत होते. पुढे प्लंबरने बाथरूमच्या नळीचा एक सांधा बदलला. दोन तासांचं काम.

आता तू म्हणशील, काकू, नियमाने तुमचं चुकलं नव्हतं. नव्हतंच! लेखी तक्रार हीच पद्धत आहे, आजही मी तेच सांगेन. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, बँकेत मार्चएंड. पण अठरा पायऱ्या होत्या ग. उतरून बेल वाजवायची होती.

त्यानंतरच्या कोजागिरीपासून मी आमच्या जिन्यातल्या प्रत्येक घराची बेल वाजवते. पहिल्या वर्षी चार माणसं आली आणि एक झोपाळू पोर. उरलेलं दूध आमचे हे तीन दिवस पीत होते आणि अजून ऐकवतात. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ दर वर्षी “बघतो” म्हणतात आणि येत नाहीत. मी दर वर्षी वाजवते. लोक मागे ‘बेलवाल्या काकू’ म्हणतात, म्हणू देत.

तूही कोजागिरीच धर. पिझ्झा की बिर्याणी हा तुझा घोळ आपोआप मिटतो. मसाला दूध आणि भेळ. वीस माणसांना चार लिटर दूध घे, तीन लिटरच्या आसपास येईपर्यंत आटव. वेलची, जायफळ, केशर, चारोळी. जायफळ चिमूटभरच, नाहीतर पाहुणे तिथेच डुलक्या काढतील. तुझ्या शेजारी जैन कुटुंब आहे म्हणालीस. त्यांच्यात चौविहार पाळणारं कोणी असेल तर सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा चालत नाही. त्यांना पाच वाजता बोलव, कांदा-बटाटा न घातलेली भेळ दे. चंद्र नंतर दिसेल. हे सगळं तुला कसं कळणार? बेल वाजवूनच. “काय चालतं तुमच्याकडे?” एवढं विचारलं की लोक पाच मिनिटं बोलतात.

आणि दारात काय बोलू म्हणून अडू नकोस. कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, तेव्हा सरळ विचार, “तुमच्याकडे थोरलं कोण? आमच्याकडे ओवाळायला पाठवा.” साठीचे काकासुद्धा “मीच थोरला” म्हणत पाटावर येऊन बसतात, मी पाहिलंय.

खुर्च्या नाहीत, पडदे भाड्याचे, हॉल लहान, ही कारणं मला सांगू नकोस. १६० चौरस फुटांत आमच्याकडे बारशी झाली आहेत. अकरा महिन्यांचा करारही सांगू नकोस. ताप काय करार बघून येतो का?

समोरच्यांपासून सुरुवात कर, ज्यांचा टीव्ही ऐकलास त्यांच्यापासून. बेल बिघडलेली असली तर कडी वाजव.

पातेलं विकत घेऊ नकोस. माझं पाच लिटरचं आहे, रविवारी येऊन ने. तळाला लागतं ते, तेव्हा ढवळत राहा. आणि परत आणशील तेव्हा रिकामं आणू नकोस.

तुझी,
काकू