घोड्यावरच्या ब्रिटिश सेनापतीचं जुनं छापचित्र आहे, नावाची पट्टी कापलेली. विकणारा ‘ड्यूक ऑफ कम्बरलँड, कलोडनची लढाई, 1746’ म्हणतो. कसं पडताळू?

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. कम्बरलँडचा ड्यूक विल्यम (1721–1765), राजा दुसऱ्या जॉर्जचा मुलगा आणि स्कॉटलंडमधल्या कलोडनला बंडखोरांना हरवणारा सेनापती, अंगानं स्थूल होता खरा, पण विगखालचे असे गोल गाल त्या काळच्या निम्म्या सरदारांना असत. मी आधी छातीवरचा पट्टा बघतो. ‘गार्टर’ आणि ‘बाथ’ हे ब्रिटिश राजाचे दोन मानाचे किताब. ‘गार्टर’चा निळा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे उतरतो, ‘बाथ’चा लाल पट्टा उजव्या खांद्यावरून डावीकडे. कम्बरलँड गार्टरवाला. काळ्या शाईच्या छापात रंग नाही, म्हणून हाती उरते ती फक्त दिशा, आणि फसगत होते ती इथेच. खोदणाऱ्यानं तैलचित्र तांब्याच्या पत्र्यावर सरळ उतरवलं की कागदावर ते उलटं उमटतं आणि गार्टरवाला बाथवाला दिसू लागतो. तेव्हा तलवार बघा. ती डाव्या कमरेला हवी, लगाम डाव्या हातात, किताबाचा तारा छातीच्या डाव्या बाजूला. तिन्ही उजवीकडे असतील तर चित्र आरशात धरून वाचा.

मग डोक्याभोवतीचा भाग भिंगाखाली घ्या. पत्र्यावरचा चेहरा घासून त्या जागी दुसरा खोदायची चाल जुनी आहे. सतराव्या शतकात प्येर लोंबारच्या एकाच पत्र्यावरच्या घोडेस्वाराला कधी क्रॉमवेलचं डोकं मिळालं, कधी पहिल्या चार्ल्सचं! विगच्या कडेला रेघा अचानक तुटत असतील किंवा आकाश तिथेच फिकट असेल तर शंका घ्या.

मागची लढाई हा सगळ्यात कच्चा पुरावा. ती ऐनवेळी बदलता येते. टोपीवर पांढऱ्या फितीचं फूल दिसलं म्हणून कलोडन म्हणू नका. कलोडनला हरलेले जॅकोबाइट, म्हणजे हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचे बंडखोर पाठीराखे, ते लावत, तसे फ्रेंचही, आणि 1745 साली आजच्या बेल्जियममधल्या फाँतनॉयला याच ड्यूकला फ्रेंचांनी हरवलं होतं. स्कॉटिश डोंगराळ भागातल्या टार्टन कापडाचे चौकडे आणि गोल ढाली असतील तर गोष्ट वेगळी.

घोड्याच्या पायांवरून काहीच ठरत नाही. चारही पाय ताणून उडणारा घोडा तेव्हा कितीतरी जण काढत.

शेवटी कागद उजेडापुढे धरा. 1746 च्या छापाला कागदाच्या साच्यातल्या जाळीच्या समांतर रेघा दिसायला हव्यात. बिनरेघांचा कागद 1757 च्या सुमारास आला. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची खळगी नसेल तर कडा छाटल्या असतील, नाहीतर तो लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून काढलेला छाप असेल, म्हणजे अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीचा किंवा त्याहून अलीकडचा. आणि रेघा, खळगी दोन्ही जागेवर असली तरी जुन्या पत्र्यावरून पुढे कित्येक वर्षं छाप काढत, त्यामुळे 1746 ची किंमत लगेच मोजू नका.